एक मीटर उंचीपर्यंत

आमच्या झारावीचमधला किल्ला कुण्या सरदारानं बांधला, एक चर्च कुण्या जमीनदाराच्या विधवेनं बांधलं, आणि बाकी जे काय उभं आहे ते अनुफ्रीकाकानं पांढरं केलं. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेचे दगड, विजेचे खांब, कुंपणांचे पाय. बसथांब्यावर पिऊन पडलेला माणूस काकाचा डबा दिसला की शुद्धीवर यायचा. न जाणो, आपलीही पाळी यायची.

गावाचं नगर-खातं म्हणजे एक साहेब, एक ट्रॅक्टर आणि अनुफ्रीकाका. ट्रॅक्टर मी चालवायचो. मागच्या गाडीत चुन्याचं पिंप, त्यावर काका बसलेला, हातात एक मीटरची काठी. काठीच्या टोकापर्यंत पांढरं, वर जसं देवानं केलं तसं. एकतीस वर्षं वसंतात एकदा आणि शरदात एकदा हाच धंदा. दुसऱ्या गावांचा चुना पहिल्या पावसाला पळतो. काकाचा पळत नसे. तो चुन्यात दह्याची निवळी घालायचा, मीठ घालायचा, आणि डुकराची थोडी चरबी. प्रमाण बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"माझा चुना आन् बायकोचा राग," तो म्हणायचा, "एकदा बसला की बसला."

त्याच्या पेन्शनीला अकरा महिने उरले होते. आमच्याकडं अखेरच्या वर्षात माणूस काचेच्या भांड्यासारखा चालतो. नोकरीच्या वहीत वाईट शेरा मारून काढलं की जन्मभर लोक त्या शेऱ्याकडंच बघतात. एकतीस वर्षांचं काम कुणी वाचत नाही.

तर मे महिन्यात राजधानीतून कागद आला. बड्या बाई येणार, गाव बघणार, आणि पर्यटकांच्या गाड्या ज्या गावांत थांबतात त्या यादीत आपलं नाव घालायचं का ते ठरवणार. आमच्याकडं बघण्यासारखी सात ठिकाणं. दीड बुरजाचा किल्ला, दोन चर्चं, ज्यूंचं जुनं सिनेगॉग, झरा, जमीनदाराची हवेली, आणि हवेलीच्या वळणावरचा शिंपीदगड.

ह्या दगडात पूर्वी एक शिंपी राहायचा म्हणतात. रात्री कापड ठेवावं, सकाळी शिवून तयार. पुढं एका बाईनं त्याला चावट काहीतरी शिवायला सांगितलं आणि तो रुसला. दगडावर जुना क्रॉस कोरलेला होता. गावातल्या बायका अजून तिथं तागाची पट्टी बांधतात, पोर आजारी पडलं की भाकरी ठेवतात. काकाची आईही ठेवायची. म्हणून एकतीस वर्षांत काकानं ह्या एका दगडाला कधी चुना लावला नव्हता.

बाई गुरुवारी येणार. सोमवारी आमच्या साहेबांनी, झिनोव्ही मिकिताविचनी, हुकूम काढला. सही, गोल शिक्का, सगळं रीतसर. "किल्ल्यापासून हवेलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सर्व झाडे व सर्व दगड एक मीटर उंचीपर्यंत पांढरे करावेत."

मंगळवारी दुपारी आम्ही वळणावर पोचलो. काकानं डबा खाली ठेवला, दगडाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं.

"लावरा," तो मला म्हणाला, "सर्व म्हणजे ह्यो पण?"

"मला काय इचारतो काका? साहेबाला इचार."

मी फोन लावून दिला. साहेब तेव्हा किल्ल्याजवळच्या सार्वजनिक संडासात होते, म्हणजे त्याच्या दारावरचा रंग तपासत होते. फोनमधून आवाज आला, "अनुफ्री इग्नातविच, तुम्हाला वाचता येतं ना? सर्व म्हणजे सर्व!"

काकानं टोपी काढली, दगडापुढं क्षणभर उभा राहिला, टोपी घातली आणि काठी लावली. दगड छातीएवढा. मीटरभर पांढरा झाला, वर हिरवट शेवाळाचं डोकं उरलं. धोतर नेसून उघडा बसलेला पाटील दिसावा तसा दिसत होता.

बुधवारी सकाळी संग्रहालयाच्या रेगीनाबाई शेवटची फेरी मारायला गेल्या. त्यांची किंकाळी हवेलीतल्या कावळ्यांनी ऐकली आणि तासाभरात सगळ्या गावानं.

"हजार वर्षांचा दगड! सरकारी यादीतला! अहो, क्रॉस कुठं गेला?"

"हाय की आत," काका म्हणाला. "चुना लै जाड न्हाई, दोनच हात दिलेत."

साहेब धावत आले. "धुवा!"

धुतला. पाण्यानं, सोड्यानं, सिरक्यानं. काकाची बायको स्तेफाकाकू आंबवलेल्या कोबीचं पाणी घेऊन आली, त्यानंही घासला. दगड उलट चकाकायला लागला. काकू कमरेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "घरातलं छप्पर आठ वरसं गळतंय, तिथं तुझं हात कधी एवढं टिकाऊ चाललं न्हाईत!"

"छपराला हुकूम कुटं व्हता?" काका म्हणाला.

साहेब खाली बसले. उठले ते काकाच्या अंगावरच. "शेरा मारून काढीन तुम्हाला! अकरा महिने काय, अकरा दिवस राहू देणार नाही!" काकाचा चेहरा त्याच्या कामासारखा झाला. काकूनं कमरेवरचे हात खाली घेतले.

संध्याकाळपर्यंत साहेबांना युक्ती सुचली. फांद्यांनी झाकावं तर मुद्दाम झाकल्यासारखं दिसतं. कापड टाकावं तर बाई अनावरण करायला जातील. शेवटी ठरलं, दगडापुढं ट्रॅक्टर उभा करायचा आणि तो बिघडलाय म्हणायचं. "हे लोकांना पटतं," साहेब म्हणाले, आणि माझ्या ट्रॅक्टरकडं बघून मलाही ते पटलं.

गुरुवारी बाई आल्या. करड्या कोटातल्या, हातात यादी. किल्ला बघितला, यादीत एकावर खूण. चर्चं, सिनेगॉग, झरा, खूण, खूण. हवेलीत बटाट्याचे घावन आणि मलई खाल्ली, त्यालाही खूण केली असावी. मग वळणावर आल्या.

"सातवं ठिकाण कुठंय?"

"ट्रॅक्टरमागं," साहेब म्हणाले. "बिघडलाय. हलत नाही."

"इंजिन तर चालू आहे."

खरंच चालू होतं. एकदा बंद केलं की परत सुरू व्हायची खात्री नसते म्हणून मी ते चालूच ठेवतो. सवयीचा माणूस मी. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान ट्रॅक्टर पुढं घेतला.

दगड दिसला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कुणी केलं?"

साहेबांचा हात माझ्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर हलला. "ह्यांनी! ह्या कामगारानं, मनानंच!"

काका पुढं आला. टोपी काढली आणि टोपीच्या अस्तरातून चार घड्यांचा कागद काढून दिला.

बाईंनी कागद वाचला. सही वाचली. शिक्का उजेडात धरून बघितला. साहेब आता दगडाच्या खालच्या भागाच्या रंगाचे झाले होते. मला वाटलं, झालं, आता साहेब गेले. पण बाईंच्या कपाळावरही घाम दिसायला लागला. मागाहून रेगीनाबाईंकडून कळलं, मागच्या वर्षी राजधानीत बसून "जिल्ह्यातील सर्व स्मारके उत्तम स्थितीत" असं लिहून खाली ह्याच बाईंनी सही केली होती. शिक्क्यासकट. दगडाची चौकशी झाली तर न बघता केलेली ती सहीही बाहेर आली असती.

बाईंनी कागदाची परत घडी घातली. मग शांतपणे म्हणाल्या, "हाच तो दगड, हे कशावरून?"

"क्रॉसवरून!" रेगीनाबाई म्हणाल्या.

"मला क्रॉस दिसत नाही. तुम्हाला दिसतो का, झिनोव्ही मिकिताविच?"

"छे! आजवर कधी दिसला नाही!"

"मग लिहून घ्या. पाहणीच्या वेळी जागेवर स्मारक आढळले नाही. शोध चालू आहे. इथे आढळला तो रस्त्याकडेचा साधा दगड, नियमानुसार पांढरा केलेला." त्या काकाकडं वळल्या. "तुम्ही किती वर्षं हा रस्ता रंगवताय?"

"एकतीस."

"तर साक्षीदार म्हणून तुमची सही. हा साधा दगड आहे, एवढंच. मग तुमच्याविरुद्ध काही तक्रार उरत नाही."

काकाच्या हातात पेन आलं. रेगीनाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. दगडाच्या मागच्या झुडपाला तागाच्या चार पट्ट्या बांधलेल्या होत्या, त्यातली एक स्तेफाकाकूची होती, हे मला आणि काकाला दोघांनाही माहीत होतं.

"सही कर," काकू म्हणाली. "अकरा म्हयनं हायेत. दगडाला कुटं पेन्शन लागतीय?"

काकानं सही केली. मोठ्या अक्षरात, सावकाश. रेगीनाबाई हवेलीकडं चालू लागल्या.

गाव यादीत आलं. शोध ऑगस्टपर्यंत चालला, आणि मग शेतातून क्रेननं उचलून एक गुळगुळीत दगड गाड्या थांबतात त्या मैदानावर, संडासाशेजारी "सापडला". त्याच्यावर नवा क्रॉसही सापडला. पर्यटक त्याला पट्ट्या बांधतात, फोटो काढतात. रेगीनाबाई पाठ केलेलं बोलतात, पण शिंप्याची गोष्ट सांगताना खाली बघतात. आमच्या बायका अजून वळणावरच जातात. साध्या दगडाला भाकरी ठेवू नये असा नियम कुणी केलेला नाही.

पुढच्या एप्रिलात काका निवृत्त झाला. वही स्वच्छ, हार, चौकटीतलं प्रशस्तिपत्र, साहेबांचं भाषण. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खिशात छिन्नी घालून पायी वळणावर गेला आणि दगडापुढं स्टूल टाकून चुना खरवडायला बसला. निवळी, मीठ आणि चरबी. दिवसभरात बोटभर जागा मोकळी व्हायची. काकू डब्यात जेवण आणून द्यायची आणि तिथंच बसून त्याच्या चुन्याला शिव्या द्यायची. जूनपर्यंत क्रॉसचा एक हात दिसायला लागला.

तेव्हा साहेब आले. गाडी लांब लावून, एकटेच, चालत.

"अनुफ्री इग्नातविच," ते हळू आवाजात म्हणाले, "हे काय चालवलंय? क्रॉस बाहेर आला तर गावात दोन शिंपीदगड होतील. मग खरा कुठला, खोटा कुठला, कुणी कुठं सही केली... माझी अजून चार वर्षं आहेत हो. चार वर्षं थांबा, मग खुशाल खरवडा."

काकानं छिन्नी थांबवली. विचार केला.

"थांबतो की," तो म्हणाला. "तसं लिहून द्या."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. मी शेजारीच ट्रॅक्टरवर बसून बघत होतो, इंजिन चालू ठेवून.

"बरं, मग बाजूला सरा," काका म्हणाला. "उजेड आडवताय."