तात्यांच्या सेटिंगचं विरजण

निमगाव केतकीच्या बाजारात दिवसभर भाजी विकणाऱ्या बायकांसाठी साधं स्वच्छतागृह नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत हा प्रश्न मांडायचा होता. बाजारात पत्रक वाटलं नाही, तर बायकांना सभेचा पत्ताही लागला नसता. म्हणून सकाळीच मी हातानं लिहिलेला मजकूर घेऊन इंदापुरात तात्यांच्या डीटीपीच्या दुकानात गेले. आमच्या घरातलं प्रत्येक पत्रक तिथंच टाइप होऊन छापलेलं.

"बस. ह्यानं संप केलाय," तात्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवत म्हणाले.

आदल्या दिवशी त्यांनी पत्रकं बनवायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली होती. उघडलं की सुरुवातीचं चित्र दिसायचं आणि सगळं गायब. तात्यांनी माझ्यादेखत ते काढून पुन्हा टाकलं. उघडण्याआधी मात्र पेनड्राइव्हमधून एक फाइल आत घातली.

"हे काय?"

"माझी सेटिंग. पहिल्या कॉम्प्युटरपासनं जपलीय. नव्या दुधाला विरजण नको व्हय?"

पुन्हा चित्र. पुन्हा गायब.

"तात्या, एकदा विरजणाशिवाय उघडा की."

"आन् पडद्यावर माझ्या सोयीनं लावलेली बटणं? तुला काय, तू सगळं उलथवायलाच जन्मलीस!"

"उलथवत नाही. नुसतं नाव बदलते."

खरं तर ती फाइल उडवायला माझे हात शिवशिवत होते. पण तिच्या नावापुढं 'जुनी' लिहून थांबले. सॉफ्टवेअरला ती सापडली नाही, तशी त्यानं स्वतःची नवी फाइल केली आणि कोरं पान उघडलं. मी टाळ्या पिटल्या. तात्यांनी पडद्याला हात जोडले आणि लगेच ओरडले, "आगं, माझी बटणं कुठं गेली?"

मराठी अक्षरंही उमटेनात. जुन्या फाइलमधली फॉन्टचा पत्ता सांगणारी तेवढी एक ओळ नव्या फाइलमध्ये टाकली, तेव्हा उमटली.

मी मजकूर सांगत गेले, तात्या एकेका बटणाला शिव्या घालत टाइप करत गेले. 'लाज आम्हाला नाही, पंचायतीला वाटली पाहिजे' या ओळीला ते थांबले.

"ही मोठी घ्यायची."

इतकी मोठी घेतली, की शेवटचा परिच्छेद कागदाच्या पाठीमागच्या बाजूला गेला.

बाजारात परतल्यावर पहिलं पत्रक मी मेथीवाल्या मावशीला दिलं. तिनं ते वाचलं आणि जुडी मागणाऱ्या बाप्यापुढं धरलं.

"मेथी मागनं घे. आधी हे मोठ्यानं वाच."

बिचारा लाजत वाचू लागला. मोठ्या ओळीला त्याचा आवाज पार बारीक झाला. आजूबाजूच्या बायका हसत सुटल्या.

"पाठीमागं बी हाय," मावशी म्हणाली. "उद्या किती वाजता जायचं, ते तितं लिवलंय. तेबी वाच, ह्या सगळ्या यायच्यात."