विहिरीचं पाणी तक्त्यात कुठे?

सगळं गाव त्यांना पंपावरच्या बाई म्हणायचं. नदीकाठच्या पंपघरात बाईंचा निम्मा जन्म गेला होता. पायाखालच्या फरशीच्या थरथरीवरून त्यांना कळायचं, जाळीत पाला अडकलाय की मोटार कुरकुरतेय. घरीही त्यांचा आवाज चढाच.

"अगं, इथे मोटार नाहीये," नवरा म्हणायचा.

"तुम्ही घोरता तेवढं पुरे आहे की!"

नदी ही दोन देशांची हद्द. पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा, आणि बाईंची एकुलती एक लेक पुलापलीकडेच दिलेली. व्याही तिकडच्या पाणीखात्यात. सार्वजनिक नळांसाठी कुठल्या देशानं नदीतून, तळ्यांतून, जमिनीतून किती गोडं पाणी उपसलं, याचा तुलनेचा तक्ता दरवर्षी निघे. तो हातात पडला की व्याह्यांना चेव चढे, कारण बाईंच्या देशाचा माणशी उपसा जवळजवळ दुप्पट!

"काय विहीणबाई, तुमच्याकडची माणसं पाणी पितात की अख्खी नदीच?"

बाई हसण्यावारी न्यायच्या. पण यंदा तो टोमणा स्वयंपाकघरात शिरला. लेक भांडी विसळत होती तर सासूबाई म्हणाल्या, "नळ बारीक कर गं. माहेरी सवय आहे, दिसतंच आहे तक्त्यात." लेकीनं फोनवर हे हसत हसत सांगितलं खरं, पण ते हसू कुठे अडखळलं ते आईला बरोबर ऐकू आलं. बाईंच्या जिवाला लागलं. उत्तर तर द्यायलाच हवं होतं. पण तोंड सोडावं, तर लेकीला त्याच घरात नांदायचं होतं.

रविवारी बाई आणि नवरा तिकडे जेवायला गेले. पानं उचलली जातात न जातात तोच व्याह्यांनी तक्ता काढला. "बसा हो विहीणबाई, यंदाही पहिला नंबर तुमचाच!"

"हात धुऊन येते," म्हणून बाई मागच्या मोरीत गेल्या. नळाखाली हात धरला आणि थबकल्या. पाणी गारढोण, आणि क्लोरीनचा वास नावाला नाही. त्या वासात आयुष्य काढलेल्या नाकाला हे चुकणं शक्यच नव्हतं.

"हे नळाचं पाणी?" त्यांनी मागोमाग आलेल्या लेकीला विचारलं.

"छे गं, मागच्या विहिरीचं. इथे घरोघर विहिरी आहेत. खात्याचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला तेवढं."

बाई स्वतःशीच हसल्या. चारचौघांत बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि हाक मारली, "व्याहीबुवा, जरा इकडे या. हात धुवा."

"धुतले की मघाशी."

"पुन्हा धुवा. वास येतोय कसला?"

"वास कसला? आमच्या विहिरीचं पाणी आहे, हो!"

"तेच म्हणते मी. हे तक्त्यात कुठे मांडलंय?"

व्याह्यांचे ओले हात तसेच राहिले. "हे... हे खात्याचं थोडंच आहे? ते कशाला मांडतील?"

"अहो, आमच्याकडे विहिरी नाहीत. अंघोळ, धुणं, झाडं, सगळा भार माझ्या मोटारीवर. आमचे पाइप गळतात, तेही कबूल. पण तुमचं निम्मं घर ज्यावर चालतं, ते मोजलंय कुणी?"

व्याही असे खदखदून हसले की बाहेर बसलेले सासूबाई आणि बाईंचा नवरा उठून आले.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "पाण्यावरून आता सूनबाईला काही बोलायचं नाही. मी आंबे आणि फणस एकाच पारड्यात घातले."

"मी कुठे बोलते? कागद घेऊन नाचता तुम्हीच!" सासूबाई फणकारल्या. मग सुनेकडे वळून जरा नरमल्या, "पोरी, मनावर घेऊ नकोस. सोड तो नळ मोठा, विहीर आपलीच आहे."

लेकीनं आईकडे बघत नळ पुरता सोडला.

"अगं अगं, बारीक कर!" बाई पंपघरातल्या आवाजात ओरडल्या. "विहीर झाली म्हणून काय झालं?"