लाल चिंधीचं तवसं

फोन आला तेव्हा मी कोपरापर्यंत उकिरड्यात होतो. "आई गेली..." पलीकडून चुलतभाऊ दामू एवढंच म्हणाला. आणि मी शेणाच्या हातानं मोबाईल कानाला धरून बोलून बसलो, "थांब, अजून सापडल्या नाहीत." वेड्यासारखं. पण ते काम काकीनंच लावलं होतं.

भागीरथीकाकी म्हणजे माझी सख्खी काकी, दामूची आई. दापोड्यात चहूबाजूंनी गोदामं उठली, तरी मधोमध तिचा शेताचा तुकडा तसाच. थंडीत वाल, उन्हाळ्यात भेंडी आणि पावसाळ्यात तवसं, म्हणजे हातभर लांब, जाडजूड काकडी. लहानपणी एका तवशावर मी घोडा करून बसलो होतो, तेही ते वेलावर असताना, हे शपथेवर सांगतो. गणपतीत ती त्याचं धोंडस भाजायची. तवशाचा कीस, गूळ, खोबरं, तांदळाचा रवा, सगळं पातेल्यात हळदीच्या पानावर. खाली निखारे, झाकणावर निखारे. वास सुटला की रस्त्यावर कंटेनरची रांग थांबायची. एक ड्रायव्हर तर पंजाबला जायचं सोडून आठवडाभर आमच्या ओटीवर राहिला. बरं, एक दिवस. पण राहिला.

अशा हाताची बाई, तरी जीव कायम टांगणीला. दरसाल बुंध्याजवळचं पहिलं तवसं ती बियाण्यासाठी राखायची, त्याला लाल चिंधी बांधायची आणि मग दिवसातून दहादा बघायला जायची. उंदीर, कोल्हा, शेजारीण, नवरा... सगळ्यांवर संशय. तवसं पिकलं की बिया राखेत-शेणात कालवून चुलीमागच्या भिंतीवर थापायची. हे बी गावात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाकडे शेतच उरलं नव्हतं.

दसऱ्याच्या आसपास ती इस्पितळात गेली आणि तिनं खाणंच सोडलं. मी गेलो की एकच प्रश्न.

"गना, चिंधीचा तवसा हाय ना रं येलाव?"

"हाय काकी."

मग एके दिवशी म्हणाली, "धोंडस असतं तर खाल्लं असतं." वेलावर तेव्हा तेवढं एकच तवसं उरलं होतं. चार वेळा हात लावून मागे फिरलो. पाचव्यांदा चिंधी सोडली. आतल्या बिया मला कोवळ्याच वाटल्या. शिवाय पुरावा नको, म्हणून बियांसकट आतला सगळा गाभा उकिरड्यावर फेकला.

कीस काढून धोंडस भाजलं, इस्पितळात नेलं. काकीनं दोन घास खाल्ले आणि ती थांबली.

"कुठचा रं ह्यो तवसा?"

"निजामपुऱ्यातून आणला. बाजारातून."

"बाजारात असा तवसा येत न्हाय."

आयुष्यभर थापा मारल्या, पण तिथं एक टिकली नाही. मला वाटलं, आता रडेल. तिनं उरलेलं धोंडस सावकाश संपवलं, बोटं चाटली. "झाकनाव निखारं जास्त घातलंस, करपलं," म्हणाली. मग डोळे मिटूनच विचारलं, "बिया?"

"उकिरड्याव."

"मंग हितं काय करतोस मेल्या? जा, शोध!"

म्हणून फोन आला तेव्हा मी उकिरड्यात होतो. तिच्याजवळ नव्हतो...

सापडल्या. पोतंभर सापडल्या असं सांगणार होतो, पण मूठसुद्धा भरली नाही. राखेत-शेणात कालवून चुलीमागच्या भिंतीवर थापल्यात. तिथं काकीच्या जुन्या थापल्यांचे गोल डाग आहेत, बोटांच्या ठशांसकट. शेजारी माझी वेडीवाकडी थापली. बी पिकलं होतं की नव्हतं, उकिरड्याच्या उबेनं भाजलं की काय, हे पुढच्या पावसाशिवाय कळायचं नाही. तोवर नारपोलीतली लूमवरची शिफ्ट संपली की आधी काकीच्या घरी येतो, चूल पेटवतो. भिंतीला धूर लागायला हवा, नाहीतर बी किडतं.

"परत आलास? सकाळीच बघून गेलास ना?" दामू विचारतो.

"उंदीर लागला तर?" मी म्हणतो. आणि दामूवरही थोडा संशय ठेवतो.