फालतू वजन

राजापेठेत माझे गणिताचे क्लासेस आहेत, आणि सायकलीबद्दलचं माझं मत कोणी विचारलं नाही तरी मी देतो. दर रविवारी आम्ही आठ-दहा जण हेल्मेटं घालून पहाटे निघतो. सायकलीवरचा प्रत्येक ग्रॅम आपला वैरी, हे माझं तत्त्वज्ञान. मी पाण्याची बाटलीसुद्धा अर्धीच भरतो. साखळी कशानं धुवावी, टायरमध्ये हवा किती असावी, सीट किती उंच ठेवावी यावर मी पाऊण तास बोलू शकतो. बोलतोही. त्यामुळे योगेशनं मला गाठलं यात त्या बिचाऱ्याची चूक नाही.

योगेश नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचे वडील नत्थुजी म्हणजे आमच्या गल्लीचे भाजीवाले. वय सहासष्ट. रहाटगावाकडे त्यांचा छोटा मळा आहे, आणि तिथली भाजी ते काळ्या सायकलीवर लादून रोज राजापेठेत आणतात. त्या सायकलीत मूळचं असं फक्त कंपनीचं नाव उरलं होतं, तेही हँडलपाशी अर्धं खरवडलेलं. पुढच्या चाकाचा चिमटा तीनदा वेल्डिंग केलेला. मागचं कॅरियर तर लोखंडी सळया वाकवून घरीच घडवलेलं, बाजेएवढं दणकट. त्यावर ऐंशी किलो भाजी बसायची.

अमावस्येला नत्थुजी बैल जुंपत नसत, तशी सायकलही जुंपत नसत. त्या दिवशी तिला अंगणात उलटी करायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचे, आरे एकेक ताणून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचे. साखळीला गॅरेजमधलं जळकं ऑईल. हे सगळं मी पाहिलं होतं आणि मनातल्या मनात हसलोही होतो.

‘‘सर, बाबांची सायकल जरा अपग्रेड करून द्या ना,’’ योगेश म्हणाला. ‘‘हलकी झाली तर त्यायले त्रास कमी होईन.’’

माझ्या हातात पाना येण्याचा अवकाश, मी सुटलो. ॲल्युमिनियमच्या रिमा, बारीक टायर, नवे ब्रेक, मागे सात गिअर. शेवटी मी त्या कॅरियरकडे वळलो. मनकर्णाबाई, म्हणजे नत्थुजींच्या पत्नी, माझ्यासाठी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कॅरियरवर पान्यानं टकटक करून मी नत्थुजींना सांगितलं, ‘‘हे आधी काढा. इतकी वर्षं नुसतं फालतू वजन मागे घेऊन फिरले तुम्ही!’’

मनकर्णाबाई चहासकट आत गेल्या. कप परत बाहेर आला नाही. मला वाटलं, दूध नासलं असेल.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी त्या हलक्याफुलक्या सायकलीवर बसून मला दाखवायला आले आणि राजापेठेच्या चौकात, माझ्या दहावीच्या अख्ख्या बॅचसमोर, आडवे झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण योगेश घाबरला. त्यानं सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

‘‘बाबांचा तोल जाऊन राहिला सर. वय झालं. आता सायकल बंद अन् धंदाही बंद. घरी आराम करतील.’’

‘‘आराम करून काय करू?’’ नत्थुजी गरजले. ‘‘माहा तोल बरोबर हाय. सायकल रिकामी होती म्हणून पडलो. मले रिकामी सायकल चालवताच येत नाही.’’

ही सबब ऐकून मीही मान हलवली. विद्यार्थी नापास झाला की पेपरला दोष देतो, तसलाच प्रकार वाटला. पण नत्थुजींनी हट्टानं कुलूप काढायला लावलं, ते लोखंडी कॅरियर पुन्हा चढवलं, त्यावर पन्नास किलो वांगी बांधली आणि चौकातून निघाले. ऑटोवाले, स्कूटीवाल्या पोरी, मधेच बसलेली गाय, सगळ्यांतून सरळ रेषेत! मी ती सरळ रेषा डोळ्यांनी पाहिली. माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाला भोक पडलं.

योगेशचं मात्र समाधान होईना. आज नाही पडले, उद्या पडतील, हे त्याचं पालुपद. शेवटी नत्थुजींनीच पैज घातली.

‘‘सर, रविवारी तुमचं टोळकं अकोल्याले जाऊन राहिलं ना? मी येतो. गीतांजलीच्या घरापर्यंत एकदा जरी पडलो, तर सायकल भंगारात. नाही पडलो, तर कोणी मले घरी बस म्हणायचं नाही. साक्षीदार सर.’’

गीतांजली ही त्यांची मुलगी, अकोल्याला जठारपेठेत दिलेली. योगेश आणि मनकर्णाबाई बसनं तिच्याकडे जाऊन थांबणार, असं ठरलं. म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य सायकलीवर जाणार की खाटेवर, हे माझ्या साक्षीवर अवलंबून होतं, आणि त्यांना पाडणारा अपग्रेड माझाच होता. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

रविवारी पहाटे ते वजन घेऊनच आले. वांगी, मिरच्या, मेथी, सांबाराच्या जुड्या (पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबार), आणि मधोमध एक थोरलं कोहळं. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून. आमचं टोळकं दहा मिनिटांत पुढे दिसेनासं झालं. साक्षीदार म्हणून मी मागे राहिलो. वजन नको म्हणून मी माझा पंप आणि जादा ट्यूब टोळक्यातल्या शुभमच्या पिशवीत टाकली होती. शुभम सगळ्यांच्या पुढे.

वलगावला एका बाईनं हाक मारली, ‘‘ओ भाजीवाले! मेथी कशी देल्ली?’’

सायकल जागेवर थांबली. मी ओरडलो, ‘‘नत्थुजी, ही विकायची नाही! हे तुमचं वजन आहे!’’

‘‘बोहनीचं गिराईक हाय सर,’’ ते अगदी धक्का बसल्यासारखे म्हणाले. ‘‘बोहनीले नाही म्हणू? दिवस खराब करता काय?’’

बोहनी झाली, आणि बोहनीनंतर भाजीवाला पुन्हा भाजीवाला होतो. खोलापुरात एका घरी पंगत होती, तिथं वांगी गेली. हाताच्या अंदाजानंच तोलून देत होते, आणि माझा दावा आहे की त्यांचा हात काट्यापेक्षा खरा. दर्यापूरच्या स्टँडवर जीपमधून उतरलेल्या बायांनी मिरच्या आणि सांबार साफ केला. मी हात जोडले, रागावलो, एका बाईला तर ‘‘मिरची कडू आहे’’ असंही सांगून पाहिलं. तिनं चावून बघितली आणि अर्धा किलो जास्त घेतली.

उरलं कोहळं. ते विकायचं नाही, अशी मी नत्थुजींकडून शपथ घेतली. पुढच्या खेड्यात एक म्हातारी रस्त्यावर आली. तिच्या सुनेला दिवस गेले होते आणि चार दिवसांपासून तिला कोहळ्याची भाजी खावीशी वाटत होती.

‘‘डोहाळ्याले नाही म्हणता येते काय सर?’’ नत्थुजींनी विचारलं. कोहळं गेलं, पैसेसुद्धा न घेता.

मग सायकल थरथरायला लागली. शंभर पावलांत हँडल दोनदा फिरलं आणि नत्थुजींनी वेळेवर पाय टेकला. अजून तीस किलोमीटर बाकी होते. पायी जाणं म्हणजे पडणं नव्हे, पण त्या चालीनं अकोल्याला रात्रच झाली असती. मी म्हटलं, पोत्यात दगड भरू. पण पूर्णेच्या काठच्या त्या काळ्या जमिनीत दगड कुठला? देवाला शेंदूर फासायचा तरी दगड बाहेरून आणावा लागतो. मग माती भरू म्हटलं, तर नत्थुजी माझ्याकडे चोराकडे बघावं तसे बघू लागले.

‘‘दुसऱ्याच्या वावरातली माती? तुमी पोरायले शिकवता ना सर?’’

इतक्यात फुस्स झालं. बाभळीचा काटा. टायर माझं. जवळच्या पंक्चरवाल्यानं आनंदानं पंप आणला, पण माझ्या परदेशी ट्यूबचं तोंड इतकं नाजूक, की त्याचा पंप तिला लागेना. ‘‘हे ट्यूब हाय का सुई?’’ त्यानं विचारलं.

अकोल्याला जाणारी जीप आली. माझी सायकल टपावर बांधली. ड्रायव्हरनं माझ्यासाठी पुढची सीटसुद्धा रिकामी करून दिली. मी एक पाय आत ठेवला, आणि मागे वळून पाहिलं. नत्थुजी आपली सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी मला थांबवलं नाही. फक्त मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं, भाजी न्याहाळतात तसं.

‘‘सर, तुमी बहात्तर किलो भरसान.’’

‘‘अडुसष्ट,’’ मी म्हणालो.

‘‘बहात्तर.’’

मी पाय बाहेर काढला. मी पाय बाहेर काढला.

हेल्मेट, काळा चष्मा, अंगाला चिकटणारी तंग चड्डी, या थाटात मी लोखंडी कॅरियरवर बसलो. सायकल निघाली ती एकदम सरळ, सुतासारखी. म्हैसांगच्या पुलाचा चढ आला तेव्हा नत्थुजींनी गिअर टाकला आणि खूष होऊन मागे बघितलं. ‘‘हे तुमचं काम चांगलं झालं सर. गेर लय कामाचा हाय.’’ मला इतका आनंद झाला की सळया बोचायच्या थांबल्या. दोन मिनिटांनी पुन्हा बोचू लागल्या.

मग एक शंका आली. मी गणितवाला आहे, मला ती आधीच यायला हवी होती. ‘‘नत्थुजी, रोज सकाळी भाजी असते. पण विकून झाल्यावर संध्याकाळी रिकामे कसे घरी जायचे?’’

‘‘रिकामा कधी गेलो? मनकर्णा टोपलं घेऊन राजापेठेतच बसे. सांजच्याले तिले मागं बसवून घरी. चाळीस वर्सं. मागच्या साली तिचे गुडघे गेले, मंग गाईसाठी सरकीच्या ढेपीचं पोतं नेतो. पण पोतं बोलत नाही.’’

तो चहा परत का आला नाही, ते मला म्हैसांगच्या पुलावर समजलं. उरलेले वीस किलोमीटर मी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे तसा ढेपीच्या पोत्यासारखाच गेलो.

चार वाजता आम्ही जठारपेठेत शिरलो. गीतांजलीच्या फाटकापाशी आमचं सगळं टोळकं जेवूनखाऊन, दात कोरत उभं होतं. मला कॅरियरवर बघून शुभमनं मोबाईल काढला. योगेश धावत आला.

‘‘सर, खरं सांगा. बाबा पडले?’’

‘‘एकदाही नाही,’’ मी म्हणालो आणि उतरायला लागलो.

‘‘हलू नका!’’ नत्थुजी ओरडले. ‘‘आधी मी उतरतो. तुमी उतरले का मी पडलो!’’

ते उतरले, सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि मी तसाच, भाजीसारखा, कॅरियरवर. गीतांजलीनं विचारलं, ‘‘बाबा, कोहयं आणतो म्हणे ना?’’

‘‘कोहयं गेलं. सरले आणलं.’’

योगेशनं खिशातून सायकलीची किल्ली काढून बापाच्या हातावर ठेवली. नत्थुजींनी ती न बघताच खिशात टाकली. मनकर्णाबाई गुडघ्यांवर हात देत ओट्यावरून उतरल्या आणि हळूहळू सायकलीपाशी आल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी नत्थुजींना दिला. मग माझ्याकडे बघितलं.

‘‘उतरा सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘फालतू वजन.’’

मी उतरलो. त्यांनी पदरानं कॅरियर पुसलं आणि तिथं बसल्या.