बशीत उरलेले दाणे

लिसबेत आमश्टुट्सचं काम दाणे निवडण्याचं. घरोघरी तांदूळ निवडतात तसंच म्हणा ना. फक्त तांदळातून खडे काढून टाकतात आणि लिसबेतला खडेच हवे असत.

बर्नच्या विद्यापीठाच्या तळघरात तिची खोली होती. नाप्फच्या डोंगरातला वालुकाश्म आधी वरच्या मजल्यावर यंत्रात फोडायचा, दळायचा, धुवायचा, जड द्रवात बुडवून हलकी वाळू काढून टाकायची. शेवटी बशीत जी चिमूटभर रेती उरे, ती लिसबेतच्या सूक्ष्मदर्शकाखाली येई. त्यातले झिरकॉन नावाच्या खनिजाचे दाणे सुईच्या टोकानं उचलायचे आणि चिकटपट्टीवर ओळीत बसवायचे. झिरकॉन भलता चिवट. ज्या डोंगरात जन्मला तो डोंगर झिजून जातो, नदी त्याला वाहून नेते, त्याचा पुन्हा दगड होतो. पण हा आपलं वय पोटात सांभाळून बसतो. वय कळलं की गाव कळतं. अशा पुष्कळ दाण्यांची गावं कळली की आल्प्सचा कुठला भाग केव्हा वर आला आणि केव्हा झिजायला लागला, तेही कळतं.

हे जाणून घेण्यात भूशास्त्रज्ञ रेस व्युथरिखचा जन्म गेला. त्याचं म्हणणं असं, की नाप्फची वाळू साचत होती तेव्हा आल्प्सच्या पोटातले जुने खडक अजून जमिनीखालीच होते. कारण त्या वाळूत जुने दाणे सापडतच नाहीत. सापडतच नाहीत, म्हणजे लिसबेतला सापडत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यानं तिला बजावलं होतं, की हाताला येतील तसे उचला, निवडानिवड करू नका. त्यानंतर रोज नऊच्या कॉफीला तो खाली यायचा.

“काय गं, किती उरलाय आल्प्स?”

“जेवणापर्यंत संपवते,” लिसबेत मान वर न करता म्हणायची.

रेस विधुर, लिसबेत बिनलग्नाची. रविवारी दोघं एम्मे नदीच्या काठानं न बोलता मैलोन्‌मैल चालत. लिसबेतच्या इमारतीतल्या बायकांनी धुण्याच्या खोलीत त्यांचं लग्न केव्हाच लावून टाकलं होतं. कळवायचं तेवढं राहिलं होतं.

शरदात रेसला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नाताळ दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्या वाळूचा हिशेब मांडणारं त्याचं पुस्तक छपाईला जायचं होतं. इस्पितळातल्या पलंगावर उशा रचून तो पानं तपासत बसे. हे एक चोख झालं की मी मोकळा, असं येईल त्याला सांगे.

त्याच आठवड्यात विद्यापीठात दाण्यांचं वय मोजणारं नवं यंत्र आलं. दक्षिणेकडच्या तिचिनोहून आलेल्या फ्लाविया नावाच्या संशोधक मुलीला ते चालवून बघायचं होतं. चांगले दाणे कशाला वाया घालवायचे, म्हणून तिनं लिसबेतच्या बशीत उरलेले दाणे सरसकट ओतून यंत्रात घातले. संध्याकाळी ती कागद घेऊन तळघरात आली. उरलेल्यांत निम्मे दाणे जुने निघाले होते.

“लिसबेत, हे तुम्ही उचलले का नाहीत?”

लिसबेतनं बशीत पाहिलं. तपकिरी, गढूळ, तडकलेले दाणे. जुन्या दाण्यांना आतल्या किरणोत्सारानं ही कळा येते, हे तिला पाठ होतं.

“दिसायला बरे नव्हते गं,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

येतील तसेच आपण उचलतो, अशी तिची इतकी वर्षं खात्री होती. सुई मात्र गुलाबी, नितळ, टोकदार दाण्यांकडेच वळत आली होती. रेसचे जुने खडक जमिनीखाली नव्हते. ते लिसबेतच्या बशीत होते, आणि टापटिपीची सवय असल्यामुळे ती दर शुक्रवारी बशी धुवून टाके. धुण्याआधी बशी कुपीत रिकामी करायचा नियम दोन-तीन वर्षांपूर्वी आला, म्हणून तेवढ्या वर्षांचं उरलंसुरलं काय ते शिल्लक होतं.

फ्लाविया म्हणाली, की त्यांना सांगू नका, त्यांना सुखानं जाऊ द्या. लिसबेतलाही आधी तेच वाटलं. पण पुस्तक चोख असल्याचं रेस प्रत्येकाला सांगत होता, आणि ते तसं नाही हे ठाऊक असताना त्याच्या उशाशी बसून मान डोलवणं तिला जमेना. ती इस्पितळात गेली आणि कोट न काढताच सगळं सांगून मोकळी झाली.

रेसनं हातातली पानं पांघरुणावर उलटी ठेवली.

“महिनाभर थांबला असतात, तर मला कळलंही नसतं,” तो म्हणाला.

बर्नमध्ये ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला वाइनचा एक पेला आणि एखादं दशक लागतं. परतीच्या वाटेसाठी कुठलाच विधी नाही. लिसबेतनं कोटाची बटणं पुन्हा तपासली.

“उद्या कागद घेऊन या,” रेस म्हणाला.

ती रोज जाऊ लागली. ज्या नमुन्यांची उरलेली रेती शिल्लक होती, त्यांचे नवे आकडे ती वाचून दाखवी. बाकीच्यांपाशी आलं की रेस विचारी, “याचं उरलेलं?” ती म्हणे, “धुतलं.” मग तो सबंध तक्ता खोडायचा आणि सांगायचा, “लिहा. माहीत नाही.” कॉफी घ्या, बसा, बाहेर थंडी आहे का, असं एक अक्षर नाही. एकदा तिनं माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं फक्त पुढच्या नमुन्याचा क्रमांक विचारला.

शेवटचं प्रकरण हाती घ्यायच्या आधी तो गेला. अंत्यविधीला पाद्री म्हणाले, की व्युथरिख शेवटपर्यंत नेमकेपणानं जगले. लोकांनी माना डोलावल्या. लिसबेत मागच्या बाकावर बसली होती. शेजारचीनं रुमाल पुढे केला, तो तिनं घडी न मोडता परत दिला.

सोमवारी ती कामावर आली. समोर नवी बशी. सुई उचलली, ती सरळ एका गुलाबी दाण्यावर जाऊन थांबली. लिसबेतनं ती मागे घेतली आणि मुद्दाम तपकिरी दाणा उचलला. मग आणखी एक. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हीही निवडच झाली. आता डोळे मिटल्याशिवाय तिचा हात खरं बोलणार नव्हता.

तिनं बशी फ्लावियाकडे नेली.

“सगळी सरसकट यंत्रात ओत. यापुढे माझ्याकडे पाठवू नकोस.”

“मग तुम्ही काय करणार?”

“वर दगड फोडायला माणूस हवाय म्हणतात,” लिसबेत म्हणाली. “तिथं काही निवडावं लागत नाही.”