जुनी सुई आणली तर नवी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका मंगळवारी दुपारी विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर पोलिसांनी सुभाषला पकडलं. झडतीत गर्दची पुडी सापडली नाही. बिस्किटांच्या डब्यात वापरलेल्या सिरिंज सापडल्या.

त्या तो आम्हालाच द्यायला निघाला होता. मी तेव्हा ठाण्यातल्या एका संस्थेत फील्डवर होतो. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना आम्ही नव्या सिरिंज द्यायचो. एकच सुई चौघांनी वापरली की एचआयव्ही पसरतो. तेवढं थांबावं, हा हेतू. नशा सोडण्याची अट नव्हती. अट एकच: जुनी सुई आणली तर नवी. जुन्या रस्त्यावर पडू नयेत म्हणून.

चौकीत फौजदारांनी मला उभंच ठेवलं.

"तुम्हीच का गर्दुल्ल्यांना सुया वाटता?"

"हो साहेब. रोग पसरू नये म्हणून."

"मग दारुड्यांना ग्लासपण वाटा की. विसळून."

हवालदार हसले. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. अशा चौक्या मी बऱ्याच केलेल्या.

सुभाष भिंतीशी अंग मुडपून पडला होता. घाम, उलट्या, हाडं दुखणं. नशा तुटली की असं होतं. त्यांच्यात याला टर्की म्हणतात.

"सर, फेकून दिल्या असत्या तर आता घरी असतो," तो म्हणाला. "तुम्हीच बोललेलात ना, जुन्या घेऊन ये?"

"बोललेलो."

"बाकीचे पटरीवर फेकतात. त्यांना कोण पकडतंय?"

संध्याकाळी त्याला समज देऊन सोडलं. डबा चौकीतच राहिला.

ऑफिसात मी संस्था चालवणाऱ्या मॅडमना म्हटलं, अट काढा.

"अहो, मग जुन्या सुया गोळा कोण करणार?"

"आपण. चिमटा घेऊन."

"आणि पोलिसांनी धरलं तर?"

"आपल्या गळ्यात आयकार्ड आहे. त्यांच्या नाही."

बऱ्याच मीटिंगांनंतर अट निघाली. तोवर विठ्ठलवाडीची मंडळी आमच्याकडे यायची थांबली होती. सुभाषही.

पुढे माझी सहकारी वंदना हिला तो कळव्यात, खाडीकडच्या भिंतीआड दिसला. तिघांत एक सिरिंज होती. तिने नवी पुढे केली, आता जुनी आणायची गरज नाही म्हणाली.

"नको ताई, ठेवा तुमच्याकडेच," तो म्हणाला.

शेजारी बसलेल्याचं झालं. त्याने तीच सुई सुभाषच्या हातात दिली. सुभाषने ती टोचून घेतली.