चार बटनं आणि एक राजकीय विश्लेषक

हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून माझं मत कोणी विचारत नव्हतं. घरात तर त्याआधीही विचारत नव्हते. त्यामुळे महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर सीताबर्डीला एका मुलीने माझ्यापुढे माइक धरला, तेव्हा दुरुस्तीला आणलेलं मिक्सरचं भांडं खाली ठेवून मी आधी केस सारखे केले.

"काका, हवा कोणाची आहे?" तिने विचारलं. ती कुठल्याशा वेब पोर्टलची वार्ताहर होती.

"हवेचं सोड," मी म्हणालो. "आमच्या गल्लीतली सांडपाण्याची गडरलाइन दोन महिन्यांपासून फुटून आहे. नाक दाबून घरात जावं लागते. इतकी वर्षं यायलेच निवडून दिलं. आता बदल पाहिजे का नाही, तूच सांग."

संध्याकाळपर्यंत मी मोबाइलवर आलो. "बदल पाहिजे! सामान्य नागपूरकराचा संताप," असं खाली लाल अक्षरांत होतं. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा भलत्याच पोर्टलवर दिसला. तिथे मी फक्त "इतकी वर्षं यायलेच निवडून दिलं" एवढंच बोलत होतो आणि खाली लिहिलं होतं, "काकांचा अढळ विश्वास!" गडरलाइन दोघांनीही कापली होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. व्हिडिओ किती लोकांनी पाहिला हे मी दर तासाला बघत होतो.

वरच्या मजल्यावरचे शेजारी बँकेतून निवृत्त झालेले, माणूस मोजून बोलणारा. तेही जिन्यात थांबले. "काय वाटते भाऊ? राज्यात याचे काय पडसाद उमटतील?"

पडसाद! आता न अभ्यासता बोलणं बरं दिसलं नसतं. मी एकाचे तीन पेपर केले. सकाळी अग्रलेख, दुपारी चॅनेलवरची चर्चा, मधल्या वेळात पोर्टलं. पंधरा दिवसांत मला राज्यातल्या प्रत्येक नेत्याची नाराजी तोंडपाठ झाली. कोण कोणाच्या संपर्कात आहे, हे त्या दोघांना कळायच्या आधी मी शेजाऱ्यांना सांगू लागलो.

एका दुपारी दाराची बेल वाजली. "अवो, पाहा ना, उमेदवार आल्या आहेत," बायको म्हणाली.

"काहून वं मधात बोलतेस? युती तुटून राहिली इथं!" मी टीव्हीवरून नजर न काढता म्हणालो. दारातूनच तिने त्या बाईंशी अर्धा तास वाद घातला. नंतर आणखी चार-पाच जण येऊन गेले. कोण आलं, कोण गेलं, मला ठाऊक नाही. मी राज्य सांभाळत होतो.

मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बोटाला शाई लागली. पडद्यामागे जाऊन ओळखीच्या चिन्हासमोरचं बटन दाबलं आणि ऐटीत बाहेर निघालो.

"काका, थांबा!" मतदान अधिकारी मॅडम म्हणाल्या. "मशीनची शिट्टी नाही वाजली. तीन बटनं बाकी आहेत."

"कशाची?"

"आपल्या प्रभागात चार जागा आहेत ना. चार मतं द्यायची आहेत."

मी परत आत गेलो. समोर नावांची लांबलचक रांग होती. त्यातलं एकही मी ऐकलं नव्हतं. तीन पेपर, चार चॅनेलं, पंधरा दिवस, आणि माझ्याच गल्लीसाठी उभ्या राहिलेल्या माणसांपैकी मला एकही माहीत नव्हता. बाहेर रांगेत कोणीतरी म्हणालं, "आत झोपले का काय?" एक मत मी आडनाव बरं वाटलं म्हणून दिलं. एक यादीत पहिलं नाव होतं म्हणून. शेवटचं बटन कोणतं दाबलं, ते देवाशप्पथ आजही आठवत नाही. शिट्टी वाजली तेव्हा सुटल्यासारखं झालं.

निकालाच्या दिवशी सगळी चॅनेलं मोठ्या शहरांचे आकडे ओरडून सांगत होती. आमच्या प्रभागाचं नावही कोणी घेतलं नाही. गल्लीत ढोल वाजले, गुलाल उडाला, तेव्हा कळलं की आपल्याकडेही कोणीतरी निवडून आलं आहे. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत ती चार नावं सापडली.

बायकोने चष्मा लावून ती वाचली. "माझ्या दोघी आल्या," ती म्हणाली. "तुमचे किती आले?"

मी पेपरात डोकं घातलं.

"काय विचारून राहिली मी?"

शेवटी खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. तिने माझ्या हातातून पेपर घेतला, चारही नावांखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाली, "पाठ करा. उद्यापासून गडरलाइनसाठी यायच्याकडे तुम्हालेच जायचं आहे."